जनित्राची भारचाचणी : एका रात्रीने शिकविलेला धडा

आमच्या स्वयंपाकघराच्या मागे, पत्र्याच्या शेडमध्ये, एक डिझेल जनित्र उभे आहे. भारनियमनाच्या काळात खेड्यापाड्यांतील वीज रोज कित्येक तास जात असे, तेव्हा माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी गोळा करून ते शाळेला दिले. ज्यांनी स्वतः कंदिलाच्या उजेडात अभ्यास केला, त्यांनी मागून येणाऱ्या भावंडांसाठी केलेली ही सोय होती. या भेटीची निगा राखताना आम्ही कोठे चुकलो आणि त्यातून काय शिकलो, हे स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आपल्यापैकी अनेक जण आज गृहनिर्माण संस्था, दवाखाने किंवा कारखाने सांभाळीत आहेत. वीज खंडित होणे ही केवळ खेड्याची अडचण राहिलेली नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबई महानगराची वीज गेली आणि लोकल गाड्या जागच्या जागी थांबल्या, हे आपणांस स्मरत असेल.

दर रविवारी सकाळी आम्ही जनित्र दहा मिनिटे चालवीत असू. वसतिगृहाला जोडलेली कळ त्या वेळी बंदच असे. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होई, आवाज खणखणीत येई आणि नोंदवहीत ‘चालू केले, ठीक’ असा शेरा पडे. असे शेकडो शेरे त्या वहीत आहेत. त्यांतील एकही खोटा नाही.

एका पावसाळ्यात दुपारीच वीज गेली. सायंकाळपर्यंत पाण्याच्या टाक्या रिकाम्या झाल्या. तीनशे मुलांची जेवणे व्हायची होती. आजारी मुलांच्या खोलीत दम्याचा त्रास असलेल्या एका लहान मुलाला नेब्युलायझर लावला होता. जनित्र सुरू केले, दिवे लागले, पंखे फिरले. थोड्या वेळाने कूपनलिकेचा पंप लावताच दिवे मंदावले, इंजिन अडखळू लागले आणि बंद पडले. पुन्हा सुरू केले, पुन्हा बंद पडले. अखेर शिक्षकांनी त्या मुलाला जीपने तालुक्याच्या रुग्णालयात नेले. उपचार वेळेवर मिळाले आणि तिसऱ्या दिवशी तो वर्गात बसला. परंतु ज्या पालकांनी विश्वासाने मुले आमच्या हाती सोपविली, त्यांना त्या रात्री आमच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने डिझेलची गाळणी उघडून दाखविली. ती काळ्या गाळाने भरली होती. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतील हवेतला ओलावा पाणी होऊन तळाशी साचतो आणि जुन्या डिझेलमध्ये गाळ धरू लागतो. विनाभार चालताना इंजिनाला डिझेल अगदी थोडे लागते आणि तेवढे तुंबलेल्या गाळणीतूनही पोहोचते. भार वाढला की डिझेलची गरज काही पटींनी वाढते. त्यातही पंपाची मोटर थेट स्टार्टरवर सुरू होताना नेहमीच्या पाच ते सात पट विद्युतप्रवाह क्षणभर खेचते. नेमक्या त्या क्षणी इंजिन उपाशी राहिले. दहा मिनिटांच्या विनाभार फेरीत हा दोष दिसणे शक्यच नव्हते.

मेकॅनिकने दुसरी गोष्ट दाखविली ती सायलेन्सरच्या जोडावरील काळा, तेलकट ओघळ. डिझेल इंजिन पुरेसे तापले तरच त्यात इंधन पूर्ण जळते. भार नसेल तर ते थंडच राहते. अर्धवट जळलेले डिझेल व काजळी धुराड्यात आणि इंजिनाच्या आत साचत जाते. तंत्रज्ञ याला ‘वेट स्टॅकिंग’ म्हणतात. म्हणजे काळजीपोटी आम्ही दर आठवड्याला जे करीत होतो, त्यानेच यंत्राची प्रकृती बिघडत होती.

यात आमच्या काटकसरीचाही वाटा होता. आमचे जनित्र ६२.५ केव्हीएचे, म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टर धरून ५० किलोवॅटचे आहे. ते आले तेव्हा चोकच्या ट्यूबलाइटी आणि जुने पंखे मिळून साडेचौदा किलोवॅटच्या आसपास वीज घेत. पुढे एलईडी दिवे व कमी विजेचे पंखे आले आणि तोच भार सुमारे सहा किलोवॅटवर उतरला. वीजबिल घटले याचा आम्हांला रास्त आनंद झाला. परंतु जनित्रावर आता क्षमतेच्या जेमतेम बारा टक्के भार पडतो, हे कोणाच्याही ध्यानी आले नाही.

अमेरिकेतील एनएफपीए ११० हे आणीबाणीच्या वीजपुरवठ्यासंबंधीचे मानक सांगते, की अशी यंत्रणा महिन्यातून एकदा किमान ३० मिनिटे आणि डिझेल संच असल्यास क्षमतेच्या किमान ३० टक्के भारावर चालवावी. ते आपल्यावर बंधनकारक नाही. तरीही आम्ही तेच प्रमाण स्वीकारले. आमच्या जनित्रासाठी ३० टक्के म्हणजे १५ किलोवॅट.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चाचणी होते. आधी इंजिन ऑइल, रेडिएटरमधील पाणी, डिझेलची पातळी आणि बॅटरी पाहतो; कारण बॅटरी उतरली असेल तर पुढचे सारे व्यर्थ. गाळणीच्या तळाची चावी सैल करून साचलेले पाणी काढतो. इंजिन तीन ते पाच मिनिटे विनाभार तापू देतो. मग भार टप्प्याटप्प्याने चढवितो: प्रथम दिवे व पंखे, नंतर पिठाची गिरणी, शेवटी पंप. महिन्याचे दळण आणि टाक्या भरणे आम्ही मुद्दाम याच वेळेसाठी राखून ठेवतो, म्हणजे जाळलेले डिझेल वाया जात नाही.

अर्ध्या तासात तीन वेळा आकडे टिपले जातात: तिन्ही फेजचा व्होल्टेज व विद्युतप्रवाह, फ्रिक्वेन्सी, ऑइलचा दाब आणि पाण्याचे तापमान. पूर्ण भाराला आमच्या जनित्राचा प्रवाह दर फेजला सुमारे ८७ अँपिअर होतो. म्हणून तो २६ च्या खाली दिसला तर चाचणी झाली असे आम्ही मानीत नाही. फ्रिक्वेन्सी विनाभार ५२ हर्ट्झच्या आसपास असते आणि भार येताच ५० कडे उतरते. ती त्याखाली घसरत राहिली तर इंधन किंवा हवा अडते आहे असे समजावे. धूरही बोलतो. पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा, निळा इंजिन ऑइल जळत असल्याचा. आणि काळा धूर हटेनासा झाला तर भार अधिक आहे किंवा हवेची गाळणी तुंबली आहे. शेवटी भार उतरवून इंजिन पाच मिनिटे निवू देतो आणि मगच बंद करतो.

वर्षातून एकदा भाड्याने लोड बँक आणतो. ही विजेच्या मोठ्या शेगडीसारखी पेटी जनित्रावर हवा तेवढा भार टाकते. ५० टक्के भारावर अर्धा तास आणि ७५ टक्के भारावर एक तास चालविल्याने आत साचलेली काजळी बरीचशी जळून जाते आणि यंत्राची खरी ताकद कळते.

दोन बाबतींत मात्र आम्ही तडजोड करीत नाही. जनित्र आणि बाहेरची वीज यांच्यामध्ये चेंजओव्हर स्विच असलाच पाहिजे. अन्यथा आपली वीज उलटी तारांवर जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव घेऊ शकते. दुसरे म्हणजे धुराड्याचे तोंड वसतिगृहाच्या खिडक्यांपासून दूर आणि उंच हवे. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि झोपलेल्या मुलांना त्याची चाहूल लागत नाही.

नोंदवहीत आता ‘ठीक’ असा शेरा कोणी लिहीत नाही. तेथे आकडे असतात. नववी-दहावीचे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली ते टिपतात आणि मागील महिन्याशी ताडून पाहतात. पालकांनी केव्हाही यावे आणि ती वही पाहावी. वीजक्षेत्रात काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांना आमची आग्रहाची विनंती आहे, की वार्षिक चाचणीच्या दिवशी त्यांनी अवश्य उपस्थित राहावे. भेट त्यांचीच आहे. ती आम्ही नीट राखली आहे की नाही, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी तपासावे.