हप्त्यापलीकडचा हिशेब

आरोग्यविमा निवडताना केवळ कमी हप्त्यावर भुलू नये. समजा, तीन लाखांच्या विम्यात खोलीभाड्याची मर्यादा एक टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. आपण ६,००० रुपयांची खोली घेतल्यास डॉक्टरांच्या शुल्कासारख्या संलग्न खर्चाचीही निम्मीच भरपाई मिळू शकते. पंढरपूरकरांना मोठ्या उपचारांसाठी अनेकदा सोलापूर गाठावे लागते. म्हणून दोन्हीकडची कोणती रुग्णालये कॅशलेस यादीत आहेत, हे आधीच पाहावे. मधुमेह, रक्तदाब लपवू नये. सांगितलेल्या जुन्या आजाराचा प्रतीक्षाकाळ ३६ महिन्यांहून अधिक ठेवता येत नाही. लपवलेल्या आजारामुळे मात्र दावाच नाकारला जाऊ शकतो. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. तेवढ्या अवधीत घरातील सर्वांनी मिळून तिच्या अटी निवांत वाचाव्यात.