टिळकांचा संसार आणि पौलाचे पत्र

रायगड जिल्ह्यातल्या रसायनीच्या कारखान्यांनी मोहोपाड्यात नाना प्रांतांची, नाना धर्मांची माणसे आणून वसवली. शेजारच्या ख्रिस्ती घरच्या लग्नाला गेलात, तर बायबलातल्या, प्रेषित पौलाच्या इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय कानावर पडण्याची शक्यता दाट. नवराबायकोचे नाते पौल तिथे ख्रिस्त आणि त्याची मंडळी (म्हणजे चर्च) यांच्या नात्यावरून समजावतो. पत्नीने पतीच्या अधीन राहावे, एवढे सगळ्यांच्या लक्षात राहते (नवरेमंडळींच्या जरा जास्तच). त्याच्या आधीच ‘एकमेकांच्या’ अधीन राहायला सांगितले आहे, ते मात्र सोयीस्करपणे निसटते.

हाच पौल करिंथकरांना लिहितो की पत्नीच्या देहावर जसा पतीचा हक्क, तसाच पतीच्या देहावर पत्नीचा. आणि प्रार्थनेसाठी दूर राहायचे तर दोघांच्या संमतीने, थोडेच दिवस. पहिल्या शतकातल्या पुरुषाने हे लिहावे, हे थोडे नव्हे. तरीही ब्रह्मचर्य श्रेष्ठ आणि संसार दुय्यम, ही समजूत चर्चमध्ये शतकानुशतके टिकली. 1525 मध्ये मार्टिन ल्यूथर या संन्याशाने काटारीना फॉन बोरा या जोगिणीशी लग्न केले, तेव्हा युरोपात केवढा गहजब झाला! बायबलातले ‘गीतरत्न’ तर उघड शृंगाराचे काव्य; बाराव्या शतकात क्लेर्व्होच्या बर्नार्ड या मठाधिपतीने त्यावर 86 प्रवचने लिहिली आणि तिसऱ्या अध्यायाच्या तोंडाशीच तो थांबला. त्याच्या लेखी ती प्रेयसी म्हणजे देवासाठी झुरणारा जीव. ज्ञानोबांच्या विराण्या ऐकलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

पण देवाची ओढ आणि संसाराची ओढ एकमेकींच्या आड आली तर? मराठीत याचे उत्तर टिळकांच्या घरात सापडते. कवी नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत, पण धर्माने परका. पदरात लहान मुलगा दत्तू. काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे त्या टिळकांकडे आल्या, पण सोवळे सोडून नव्हे. नवऱ्याचा देव त्यांनी नवऱ्याचा म्हणून पत्करला नाही. जातिभेद देवाचा की माणसाचा, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी लढवला, माणसाचाच असे ठरवले आणि कुणाच्याही हातचे खायला लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 मध्ये राहुरीला.

मला या घराचे मोल इथे वाटते. बायको आपोआप मागे येईल असे धरून चालणारी श्रद्धा संसार मोडते. ती तिच्या पायांनी येईपर्यंत थांबणारी श्रद्धा तो सांधते. टिळक काही शांत, समजूतदार नवरे नव्हते. त्यांचा संताप, उधळेपणा, न सांगता निघून जाणे, सगळे लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे, हसत हसत सांगितलेले. 1919 मध्ये टिळक गेले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्राचे काव्य अपुरे होते. पुढचे 64 अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले, ज्यांना लिहायला-वाचायला टिळकांनीच लग्नानंतर शिकवले होते.

या मोसमात कुणाच्या लग्नाला जाणार असाल, धर्म कोणताही असो, तर पाकिटाबरोबर ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत द्या. आणि नवऱ्या मुलाला बजावा, आधी तू वाच.