ढग तालुक्यापेक्षा लहान

एप्रिल-मे महिन्यांत गुरुवारी-शुक्रवारी इशारा येतो : शनिवार-रविवारी पुणे जिल्ह्यात मेघगर्जनेसह पाऊस, सोसाट्याचा वारा, तुरळक ठिकाणी गारपीट. जुन्नर-आंबेगावात लगेच विचारणा सुरू होते, तुरळक म्हणजे नेमकं कुठं? संपादकांनी हाच प्रश्न हातात देऊन मला पाठवलं.

उत्तर देणारं खातं तसं शेजारचंच. हवामान खातं १८७५ सालचं. त्याचं मुख्यालय १९२८मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरची इमारत आजही 'सिमला ऑफिस'. शेतीच्या हवामानाचा विभाग १९३२चा. इतिहास एवढा पुरे, कारण खरी गंमत ढगात आहे.

दुपारी पठार तापतं. बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून आलेले दमट वारे मध्य महाराष्ट्रावर भिडतात आणि तापलेली हवा झपाट्यानं वर चढते. बघता बघता ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर जातो. आडवा पसारा मात्र बऱ्याचदा पाच-दहा किलोमीटरचा आणि आयुष्य तासाभराचं. नारायणगावात गारा आणि ओतूरला कोरडं ठणठणीत, असं होतं ते यामुळे. मे २०२५मध्ये आलेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम'नं अंदाजाची चौकट बारा किलोमीटरवरून सहावर आणली. मोठी मजल आहे ही. पण असला ढग सहाच्या चौकटीलाही नीट सापडत नाही.

म्हणून यलो किंवा ऑरेंज अलर्ट फक्त एवढंच सांगतो, की हवा पेटायला तयार आहे. ठिणगी कुठं पडेल ते पुढच्या तीन तासांच्या 'नाऊकास्ट'मध्ये, उपग्रह आणि रडार बघून. इथं सह्याद्री आडवा येतो. मुंबईचं रडार शंभरावर किलोमीटर दूर. तिथून निघालेली लहर इथवर येईतो बरीच वर गेलेली असते. ढगाचं डोकं दिसतं, पाय दिसत नाहीत.

मी रेंगाळलो ते पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या 'दामिनी' ॲपपाशी. वीज चमकली की तिच्यातून रेडिओलहरी सुटतात. दूरदूर बसवलेल्या सेन्सरांवर त्या किंचित पुढंमागं पोचतात, आणि सेकंदाच्या त्या बारीक तुकड्यांच्या फरकातून वीज कुठली ते काढतात. मोबाइलवर आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरची वर्तुळं; गेल्या पाच, दहा, पंधरा मिनिटांतल्या विजा वेगवेगळ्या रंगांत. ठिपके आपल्याकडे सरकताना दिसले की पाठीवर काटा येतो. रानातल्या माणसाचा जीव वाचवायला एवढी सूचना पुरते.

खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीलाही थोडा वेळ पुरतो. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. तबकडीला पत्रा नाही, तारेची जाळी आहे, म्हणजे वारा आरपार जावा. वाऱ्यानं ताशी चाळीस किलोमीटरची मर्यादा ओलांडली की निरीक्षण थांबवून तबकड्यांची तोंडं सरळ आभाळाकडे करून ठेवतात. मिनिटांचा खेळ.

कांद्याचं तसं नाही. उपटलेला कांदा वाफ्यातच पातीखाली झाकून सुकवायचा, मग पात कापायची, मग निवड, मग बराखीत भरायचा. एकर-दोन एकराचा माल अर्ध्या तासात गोळा होत नाही; ताडपत्री टाकायची तरी माणसं लागतात आणि त्यांची टोळी आधीच दुसऱ्याच्या बांधावर असते. द्राक्षाचे घड तर तारेवरून उतरवून ठेवता येत नाहीत. तेव्हा निर्णय दोन दिवस आधीच्या, म्हणजे सगळ्यात ढोबळ अंदाजावर घ्यावा लागतो. उपटावा आणि भिजला तर सडतो. जमिनीत ठेवावा आणि पाणी साचलं तरी सडतो. इशारा पुणे जिल्ह्याला असतो, आणि त्या जिल्ह्यात भीमाशंकरही येतं आणि बारामतीही.

'महावेध' प्रकल्पानं २०१७पासून महसूल मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसवली. ती पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता टिपतात, गार नाही. शिवाय टिपतात ते घडून गेल्यावर. वळीव बहुधा दुपार कलल्यावर येतो, एवढं मात्र इथं सगळ्यांना पाठ आहे. म्हणून अलर्ट असो-नसो, कापणी सकाळी उरकायची आणि तीनच्या आत ढीग झाकायचा, असा बेत बरेच जण करतात. टोळी मिळाली तर.