उन्हाळ्यातली तालीम

चैत्र-वैशाखात आमच्या पंढरपूर भागात गावोगावी जत्रा भरतात आणि जत्रेत कुस्त्या होतात. म्हणून पोरं ऐन उन्हाळ्यातच तालमीत जातात. पारा मात्र 40 अंशांच्या वर असतो.

गेल्या वर्षी माझा दादा परीक्षा संपल्यावर तालमीत जाऊ लागला. पहिल्याच दिवशी भर दुपारी त्याने 200 बैठका मारायचे ठरवले. वर तापलेला पत्रा, आत वारा नाही. आई म्हणाली, "आरं, सकाळी जा की." दादा म्हणाला, "घाम गाळल्याबिगर ताकद येत न्हाई." दीडशेच्या पुढे त्याला मळमळले, डोळ्यांपुढे अंधारी आली. तो मातीतच बसला. वस्तादांनी त्याला लिंबाच्या सावलीत निजवले, अंगावर पाणी मारले, पंचाने वारा घातला. तो बरा झाला, पण आई रात्रभर उशाशी बसून होती. मला लई भीती वाटली. मग मी वस्तादांना आणि गुरुजींना विचारून ही माहिती लिहिली.

व्यायाम करताना स्नायूंत उष्णता तयार होते. ती घालवायला अंगाला घाम येतो. माठ पाझरतो आणि ते पाणी वाळते, म्हणून आतले पाणी गार होते. आपले अंग तसेच आहे. घाम वाळला तरच अंग गार होते. बंद खोलीत किंवा वळवाच्या आधी उकाडा असतो तेव्हा घाम नुसता गळतो, वाळत नाही. म्हणजे जास्त घाम आला की जास्त ताकद आली, असे नाही. घामाबरोबर अंगातले पाणी आणि मीठ जाते.

मग व्यायाम सोडायचा का? नाही. तो बदलायचा.

1) वेळ : दिवस उगवायच्या सुमारास करावा. दुपारी करू नये.

2) सवय : अंगाला उन्हाची सवय व्हायला 1 ते 2 आठवडे लागतात. सुरुवातीला नेहमीच्या निम्म्याच बैठका माराव्यात आणि रोज थोड्या वाढवाव्यात.

3) निवड : मांडीचे स्नायू मोठे असतात, म्हणून बैठकांनी अंग लवकर तापते. 100 बैठका सलग न मारता 20-20 च्या पाच खेपा कराव्यात. मध्ये सावलीत बसावे. घामाने हात निसटतो, म्हणून जड करेल ऐवजी जोर काढावेत. तापलेल्या फरशीवर जोर काढू नयेत, हात भाजतात.

4) पाणी : आधी, मध्ये आणि नंतर थोडे थोडे प्यावे. नंतर ताक किंवा मीठ घातलेले लिंबू-सरबत चांगले. लघवी गडद पिवळी झाली तर पाणी कमी पडले असे समजावे.

5) कपडे : सैल आणि सुती घालावेत. वजन उतरावे म्हणून काहीजण स्वेटर घालून पळतात. ते फार धोक्याचे आहे.

चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा पायात गोळे आले तर लगेच थांबावे. कोणी बरळू लागला किंवा बेशुद्ध झाला तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत न्यावे, अंग ओले करून वारा घालावा आणि 108 नंबरला फोन करावा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

आपल्या महाराष्ट्राच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत ब्राँझपदक मिळवले. वस्ताद म्हणतात, अशी ताकद एका दुपारी येत नाही, तिला वर्षं लागतात.

यंदा दादाने पहाटे उठून 40 बैठकांपासून सुरुवात केली. जत्रेत त्याची कुस्ती बरोबरीत सुटली. घरी आल्यावर आईने आधी तांब्याभर ताक दिले आणि मगच विचारले, "काय झालं रं कुस्तीचं?"

— इयत्ता चौथी