छत्रीचे पदार्थविज्ञान

पावसाळ्यातील संध्याकाळ होती. आमच्या शेजारची नववीतली मुलगी शिकवणीहून घाबरीघुबरी परत आली. वाटेत एक दांडगे कुत्रे तिच्या अंगावर धावून आले होते. हातात लांब दांड्याची छत्री होती, पण काय करावे ते तिला सुचले नाही. कुणीतरी हाकलले म्हणून निभावले. तिने मला विचारले, "काका, अशा वेळी छत्रीने मारायचे, की ती नुसती पुढे धरायची?"

प्रश्न साधा दिसतो, पण त्यावर एका अभियंत्याने सव्वाशे वर्षांपूर्वी बराच विचार केला होता. त्याचे नाव एडवर्ड बार्टन-राइट. जपानमध्ये नोकरी करताना तो तेथील जुजुत्सू ही कुस्तीविद्या शिकला. १८९८ मध्ये लंडनला परतल्यावर त्याने जुजुत्सू, मुष्टियुद्ध आणि स्वित्झर्लंडच्या पिएर विग्नी यांची हातकाठीची विद्या यांचा मेळ घालून 'बार्टित्सू' ही पद्धत सुरू केली. रस्त्यावरचा माणूस तलवार बाळगत नाही. त्याच्याजवळ असते ती काठी, छत्री किंवा अंगावरचा कोट. त्यांचाच उपयोग करावा, ही त्यामागची कल्पना. हातकाठीविषयी त्याने १९०१ मध्ये 'पिअरसन्स मॅगझीन'मध्ये लेख लिहिले. त्यातील एक महत्त्वाचे सूत्र होते : अंतराने बचाव.

हे सूत्र आपण आकड्यांत मांडून पाहू. प्रथम एक प्रयोग करा. मित्राला ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरायला सांगा. पट्टीच्या खालच्या टोकाशी, शून्याच्या खुणेजवळ, तुमची बोटे उघडी ठेवा. त्याने न सांगता पट्टी सोडली की ती पकडा. बहुतेकांच्या हाती ती २० सेंटिमीटरच्या आसपास सापडते. मुक्तपणे पडणाऱ्या वस्तूला २० सेंटिमीटर अंतर कापायला सुमारे ०.२ सेकंद लागतो. हा झाला तुमचा प्रतिक्रियाकाल.

आता समजा, कुत्रे सेकंदाला ५ मीटर वेगाने येत आहे. तुमचा पुढे केलेला हात ६० सेंटिमीटर लांब आहे. बोटांपासून अंगापर्यंत यायला त्याला ०.१२ सेकंद पुरतो. म्हणजे तुम्ही हालचाल सुरू करण्यापूर्वीच ते अंगावर येईल! हातात ९० सेंटिमीटरची छत्री असेल, तर हेच अंतर दीड मीटर होते आणि वेळ मिळतो ०.३ सेकंद. आता तो प्रतिक्रियाकालापेक्षा जास्त आहे. छत्रीने तुम्हाला बळ दिले नाही, वेळ दिला.

मग मारायचे का? काठीची गोष्ट वेगळी. हात आणि काठी एका रेषेत खांद्याभोवती फिरली, तर काठीच्या टोकाचा वेग मुठीच्या अडीच पट होतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून तेवढ्याच वस्तुमानाची ऊर्जा टोकापाशी सव्वासहा पट असते. पण काठी कोठे लागते यालाही महत्त्व आहे. तीच पट्टी वरच्या टोकाला दोन बोटांत सैल धरून लोंबती ठेवा आणि पेन्सिलीने हलकेच टिचक्या मारा. मध्यावर मारल्यास वरचे टोक टिचकीच्या दिशेने ढकलले जाते. अगदी खाली मारल्यास उलट दिशेने उसळते. वरून २० सेंटिमीटरवर, म्हणजे दोन-तृतीयांश लांबीवर, मारल्यास बोटांना जवळजवळ हिसका बसत नाही. या बिंदूला आघातकेंद्र म्हणतात. क्रिकेटची बॅट 'गोड' लागते त्यामागे याचाही वाटा असतो. आघात भलतीकडे झाला, तर काठी हातून निसटू शकते.

छत्रीचा दांडा मात्र पोकळ आणि बारीक असतो. आडवा तडाखा दिला की तो वाकतो. लांबीच्या दिशेने तो बराच जास्त जोर सोसतो. म्हणून छत्री फिरवू नये. दोन्ही हातांनी घट्ट धरून समोर रोखावी, किंवा उघडून मध्ये आड धरावी आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे सरावे.

या विद्येचा उपयोग केवळ धिप्पाड पुरुषांनी केला असे नाही. लंडनमध्ये स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढा चालू असताना, पाच फुटांहूनही कमी उंचीच्या एडिथ गॅरड यांनी १९१३ च्या सुमारास चळवळीतील स्त्रियांच्या संरक्षक पथकाला जुजुत्सू शिकवले. या स्त्रिया कपड्यांत लपवून नेत ती लाकडी मुद्गले, आपल्याच आखाड्यांतून इंग्रजांनी उचललेली! जुजुत्सूचे मर्म गुरुत्वमध्यात आहे. गुरुत्वमध्यातून जाणारी उभी रेषा पावलांच्या बाहेर गेली, की कितीही बलवान माणूस तोल सावरू शकत नाही. टाचा आणि पाठ भिंतीला टेकवून पायाचे अंगठे धरायचा प्रयत्न करा, म्हणजे पटेल.

हे प्रयोग पट्टीवर आणि भिंतीशी करावेत, मित्रांवर नव्हे. कायद्याने स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे, तोही गरजेपुरताच. समोर माणूस असेल तर मिळालेला वेळ मारामारीसाठी नाही. ओरडण्यासाठी, उजेडाकडे आणि माणसांकडे पळण्यासाठी आहे.

शेजारच्या मुलीने पट्टीचा प्रयोग दहा वेळा केला. तिची सरासरी आली १९ सेंटिमीटर. तुमची किती येते?