सोलापूरचा उन्हाळा, फटाके आणि शेंगा चटणी : घरातल्या कुत्र्या-मांजरांना काय सोसते, काय नाही?

पारा ४२ अंशांवर, वीज गेलेली आणि घरात धापा टाकणारा कुत्रा. अशा वेळी पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे? ताटातले काय द्यायचे, काय नाही? फटाक्यांच्या रात्री त्याला शांत कसे ठेवायचे? सविस्तर जाणून घ्या.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. जुळे सोलापुरात आमच्या शेजारच्या काकूंकडे एक पग होता. दुपारी दीडच्या सुमारास वीज गेली. तासाभरात तो जोरजोरात धापा टाकू लागला. काकूंनी ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या, त्याच्या अंगावर ओली चादर पांघरली आणि ऊन उतरल्यावर डॉक्टरांकडे न्यायचे ठरवले. चार वाजता तो उठेना. दवाखान्यात पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

काकूंनी जे केले ते मायेपोटीच. पण बंद खिडकी, अंगावरची ओली चादर आणि संध्याकाळची वाट पाहणे, या तिन्ही गोष्टी त्या पगच्या जिवावर बेतल्या.

पाळीव प्राण्यांच्या काळजीचे शेकडो सल्ले मोबाईलवर मिळतात. त्यातले बरेचसे थंड देशांतल्या घरांसाठी लिहिलेले असतात. आपल्याकडचे ऊन, आपले जेवण आणि आपले सण वेगळे आहेत. म्हणून काळजीही इथल्या हिशोबानेच घ्यावी लागते.

कुत्र्याची जीभ म्हणजे त्याचा कूलर

माणसाला अंगभर घाम येतो. तो वाळताना शरीरातली उष्णता घेऊन जातो. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पायांच्या तळव्यांना. त्यामुळे अंग थंड ठेवण्याचे मुख्य काम धाप करते. तोंड उघडे, जीभ बाहेर आणि भरभर श्वास. जीभ आणि श्वासमार्गातला ओलावा हवेत उडतो आणि रक्त थंड होते.

घरातला कूलर याच तत्त्वावर चालतो. वाळ्याच्या पडद्यातून पाणी उडते, हवा गार होते. पण खिडकी बंद करून कूलर लावला तर काय होते, हे प्रत्येक सोलापूरकराला माहीत आहे. खोली दमट होते, अंग चिकचिकते आणि गारवा येत नाही. कारण आधीच ओल्या झालेल्या हवेत आणखी पाणी उडत नाही. बंद खोलीत कुत्र्याच्या जिभेचेही असेच होते. तो धापा टाकत राहतो, पण थंड होत नाही.

म्हणून पहिला नियम : कूलर असो वा नसो, हवा खेळती ठेवा. पडदा ओढा, पण खिडकी पूर्ण बंद करू नका. पत्र्याच्या खोलीत किंवा वरच्या मजल्यावर कुत्र्याला दुपारी ठेवू नका. घरात सर्वांत गार जागा बहुधा मोरी किंवा बाथरूमची फरशी असते. तो तिथे जाऊन पसरत असेल, तर उठवू नका. त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते.

उष्माघात ओळखायचा कसा?

निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, म्हणजे आपल्यापेक्षा थोडे जास्तच. ते १०५ च्या पुढे गेले की धोका सुरू होतो. घरी थर्मामीटर नसला तरी ही लक्षणे दिसतात :

- विश्रांती घेऊनही न थांबणारी, आवाज करणारी धाप
- घट्ट, चिकट लाळ
- हिरड्या आणि जीभ गडद लाल होणे
- चालताना झोक जाणे, हाक मारल्यावर लक्ष न देणे
- उलटी, जुलाब, झटके

मांजर सहसा तोंड उघडून धापा टाकत नाही. टाकत असेल तर तो थेट धोक्याचा इशारा समजा.

पहिली दहा मिनिटे अशी वापरा

1. प्राण्याला सावलीत, वाऱ्याच्या जागी आणा.
2. पोट, जांघा, पाय आणि मानेवर साधे पाणी ओतत राहा. दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी कढत असते, ते नको. बादलीत किंवा हौदात साठवलेले पाणी घ्या. बर्फ शोधण्यात वेळ घालवू नका.
3. पंखा लावा. वीज नसेल तर पुठ्ठ्याने वारा घाला. पाणी आणि वारा दोन्ही एकत्र हवेत.
4. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नका. काही मिनिटांत तो अंगाच्या उष्णतेने गरम होतो आणि वारा अडवतो. टॉवेल किंवा चादर ओली करून त्याच्या अंगाखाली अंथरा.
5. शुद्धीत असेल तर पाणी समोर ठेवा. तोंडात ओतू नका, ते फुप्फुसात जाऊ शकते.
6. श्वास थोडा शांत झाला की लगेच पशुवैद्यकाकडे निघा.

तो उठून शेपूट हलवू लागला तरी दवाखाना टाळू नका. उष्माघाताने मूत्रपिंडाला झालेली इजा काही वेळा एक-दोन दिवसांनी दिसते.

शहरात नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून उन्हाळ्यात एक भरलेली बादली फक्त यासाठी सावलीत ठेवून द्या. पिण्याच्या पाण्याची भांडी दोन असू द्यात आणि ती मातीची असली तर उत्तम. पाणी दिवसातून दोन-तीन वेळा बदला.

फिरायला कधी न्यायचे?

एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. कडक उन्हात डांबराचा पृष्ठभाग ५० ते ६० अंशांपर्यंत तापतो आणि सूर्य मावळल्यावरही बराच वेळ गरम राहतो. सोपी चाचणी : हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवा. तुम्हाला ठेवता आली नाही, तर त्याचे तळवेही भाजणार.

‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून गाडीत कोंडून जाऊ नका. उन्हात उभ्या गाडीच्या आतले तापमान पहिल्या दहा मिनिटांतच साधारण दहा अंशांनी वाढते. काच दोन बोटे उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही.

नवा कुत्रा आणताय? आधी नाक बघा

पग, शिह त्झू, बुलडॉग आणि पर्शियन मांजर यांचा चेहरा चपटा असतो. श्वासमार्ग आखूड आणि अरुंद असल्याने त्यांची धाप कमी पडते. शेजारच्या पगच्या बाबतीत हेही होतेच. हस्कीसारख्या दाट केसांच्या जाती थंड प्रदेशातल्या आहेत. अशा दुहेरी केसांच्या कुत्र्याचे केस मात्र मुळापासून भादरू नका. ते उन्हापासूनही बचाव करतात. नियमित विंचरून मोकळे झालेले केस काढणे पुरेसे आहे.

बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा शिकारी कुत्रा पाहा. सडपातळ बांधा, लांब नाक, आखूड केस. आपल्या हवेला साजेसा. गल्लीतला देशी कुत्राही तसाच. घरात आणायचाच असेल, तर त्याचाही विचार जरूर करा.

ताटातले काय द्यायचे, काय नाही?

साधी भाकरी, मीठ-मसाल्याविना शिजवलेला भात, उकडलेले अंडे, हाडे काढलेले चिकन चालते. भाकरीवर शेंगा चटणी लावून दिली की घोटाळा होतो. दोष शेंगदाण्याचा कमी, लसणाचा जास्त. कांदा आणि लसूण कच्चे, शिजवलेले किंवा पूड केलेले, कोणत्याही रूपात कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. मांजरांना तर थोड्या प्रमाणातही त्रास होतो. रश्श्यात कालवलेली भाकरीही याच यादीत येते.

दुसरा धोका आपल्या जिल्ह्याच्या अभिमानाचा आहे : द्राक्षे आणि बेदाणे. नान्नजची द्राक्षे, पंढरपूर भागातला बेदाणा घरोघरी असतो. पण यामुळे कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा थोडक्यात आजारी पडतो. त्यामुळे सुरक्षित प्रमाण असे सांगता येत नाही. यामागे टार्टारिक आम्ल असावे, असा अंदाज अमेरिकेतल्या पशुवैद्यकांनी २०२१ मध्ये मांडला. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते. त्यामुळे चिंच, चिंचेचे सार आणि आमटी त्याच्यापासून दूरच ठेवा.

चॉकलेट, शिजवलेली हाडे आणि ‘शुगर-फ्री’ पदार्थांतले झायलिटॉलही टाळा. आणि सर्वांत महत्त्वाचे : अंग गरम लागले म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. माणसाची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.

यात्रा, मिरवणुका, फटाके : त्याला शांत कसे ठेवाल?

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतले होम मैदानावरचे शोभेचे दारूकाम, मग वर्षभरातल्या मिरवणुका, दिवाळी आणि लग्नसराई. सोलापूरला आवाजाची सवय आहे, कुत्र्या-मांजरांना नाही. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंत आणि मांजराला त्याहून जास्त. शिवाय फटाका कधी वाजणार आणि कधी थांबणार, हे त्यांना कळत नाही.

- फटाक्यांच्या दिवशी उजेडातच फिरवून आणा, जेवणही लवकर द्या.
- रस्त्यापासून दूरची आतली खोली निवडा. खिडकीवर जाड सोलापुरी चादर टांगली तर आवाज थोडा दबतो आणि लखलखाट दिसत नाही. पंखा आणि टीव्ही सुरू ठेवा.
- तो पलंगाखाली लपला तर ओढून बाहेर काढू नका. मांजराला कपाटात किंवा खोक्यात बसू द्या.
- जवळ आला तर कुरवाळा. ‘लाड केले की भीती वाढते’ हा गैरसमज आहे. ओरडल्याने मात्र भीती नक्की वाढते.
- घाबरलेला कुत्रा दार उघडताच पळतो. गळपट्ट्यावर तुमचा मोबाईल नंबर लिहून ठेवा.
- झोपेच्या गोळ्या मनाने देऊ नका. भीती फार असेल तर सणाच्या दोन-तीन आठवडे आधी पशुवैद्यकाशी बोला.

लहान पिल्लू असेल तर आतापासून सवय लावा. मोबाईलवर फटाक्यांचा आवाज अगदी बारीक लावा आणि त्याच वेळी खाऊ द्या. काही आठवड्यांत आवाज हळूहळू वाढवा. तो घाबरला तर एक पायरी मागे या.

गोचीड आणि रेबीज : दुर्लक्ष नकोच

गोचीड फक्त रक्त पीत नाही, जीवघेणा तापही देते. ताप, जेवण सोडणे, फिकट हिरड्या किंवा नाकातून रक्त दिसले तर रक्ततपासणी करून घ्या. गोचीड आयुष्याचा बराच काळ कुत्र्याच्या अंगावर नव्हे, तर भिंतीच्या भेगांत आणि अंथरुणात काढते. त्यामुळे कुत्र्याला औषध लावून भागत नाही, घरही साफ करावे लागते. कुत्र्याचे गोचिडीचे औषध मांजराला कधीही लावू नका. त्यातले परमेथ्रिन मांजराला विषारी आहे.

रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने दरवर्षी. घरातच राहणाऱ्या मांजरालाही ती हवी. कुत्रा-मांजर चावले किंवा ओरखडले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काहीही लावू नका. त्याच दिवशी दवाखान्यात जा. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचणे जवळपास अशक्य असते. वेळेत घेतलेली लस मात्र जीव वाचवते.

आजच करा या चार गोष्टी

- जवळच्या पशुवैद्यकाचा आणि रात्री उपलब्ध असणाऱ्या दुसऱ्या एका डॉक्टरांचा नंबर फोनमध्ये सेव्ह करा.
- लसीकरणाच्या कार्डाचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या तारखेचा रिमाइंडर लावा.
- आपला कुत्रा शांत झोपलेला असताना मिनिटाला किती श्वास घेतो, ते मोजून लिहून ठेवा. बिघाड झाला की फरक लगेच कळेल.
- हा लेख घरातल्या आजी-आजोबांना वाचून दाखवा. भर दुपारी वीज जाते तेव्हा घरात बहुतेक वेळा तेच असतात.

काकूंच्या दारात ते पाण्याचे मातीचे भांडे अजून आहे. आता त्यात गल्लीतली कुत्री पाणी पितात, आणि काकू ते दिवसातून तीनदा भरतात.