पाचगणीचे सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट

सातारा जिल्ह्यातील पाचगणी येथे १८९५ मध्ये ‘डॉटर्स ऑफ द क्रॉस’ या कॅथलिक धर्मभगिनींच्या, म्हणजे आजन्म अविवाहित राहण्याचे व्रत घेतलेल्या स्त्रियांच्या, संघाने मुलींसाठी ही निवासी शाळा काढली. १८३३ मध्ये बेल्जियममधील लिएज येथे स्थापन झालेल्या या संघाच्या भगिनी त्याआधीच मुंबई इलाख्यात शिक्षणकार्य करीत होत्या. जॉन चेसन या इंग्रजाने वसवलेले थंड हवेचे हे गाव वसतिगृहाला सोयीचे होते. शाळा कॅथलिक असली, तरी मुली सर्व धर्मांच्या असतात. अर्थात, प्रॉटेस्टंट परंपरेची किमिन्स शाळा, अंजुमन-इ-इस्लाम या मुस्लिम संस्थेची शाळा आणि १९२२ मध्ये सुरू झालेले संजीवन विद्यालय ज्या गावात टेबललँडच्या सपाट जांभ्या पठारालगत नांदतात, तिथे हे फारसे नवलाचे नाही.